दुसऱ्यांदा खुबा बदलताना वजनाचा हिशेब

खुब्याचा सांधा एकदा बदलून घेतला की पुढची काळजी मिटली, असे बहुतेक घरांत धरून चालतात, आणि बऱ्याच अंशी ते खरेही ठरते. जॉन चार्नली यांनी नोव्हेंबर १९६२मध्ये इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात धातूचा लहान गोळा आणि दाट पॉलिथिलीनची वाटी ही जोडी बसवायला सुरुवात केली. तिथपासून ही शस्त्रक्रिया इतकी सुधारली की २००७ साली ‘लॅन्सेट’मधल्या एका लेखाने तिला शतकाची शस्त्रक्रिया ठरवले. राष्ट्रीय नोंदवह्यांतल्या आकड्यांवरून २०१९मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार खुब्याचे सुमारे ५८ टक्के कृत्रिम सांधे पंचवीस वर्षे टिकतात. उरलेल्यांना कधी ना कधी फेरशस्त्रक्रिया लागते, आणि ती पहिल्या शस्त्रक्रियेची नुसती पुनरावृत्ती नसते. जुना सांधा उपटून काढताना हाड जाते, स्नायूंवर आधीचे व्रण असतात, रक्तस्राव वाढतो आणि शस्त्रक्रिया लांबते. इंग्लंड आणि वेल्सच्या राष्ट्रीय नोंदवहीतली एक मोजणी इथे फार बोलकी आहे. पहिली फेरशस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे एक पंचमांश सांधे पंधरा वर्षांत पुन्हा बदलावे लागले. दुसऱ्या फेरशस्त्रक्रियेनंतर तेवढेच प्रमाण सात वर्षांत गाठले गेले आणि तिसरीनंतर तीनच वर्षांत. म्हणजे प्रत्येक खेपेला सांध्याचे आयुष्य निम्म्यावर येते. म्हणूनच पहिली फेरशस्त्रक्रिया टळावी, आणि टळलीच नाही तर ती नीट पार पडावी, यासाठी आटापिटा करायचा.

या सगळ्यात वजन कुठे बसते? रुग्ण जाड असला की डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे एकच गणित मांडतात: भार जास्त, म्हणून झीज जास्त, म्हणून सांधा लवकर जाणार. हे गणित मनाला पटते, पण गेल्या दोन-तीन दशकांतला पुरावा त्याला फारसा दुजोरा देत नाही. वजनाचा धोका खरा आहे, आणि फेरशस्त्रक्रियेत तो पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षाही मोठा आहे. मात्र तो प्रामुख्याने झिजेतून येत नाही. तो येतो जखमेतून, जंतुसंसर्गातून आणि सांधा निखळण्यातून, आणि फेरशस्त्रक्रियेत विरळ झालेल्या हाडातून. वाट वेगळी म्हटल्यावर उपायही वेगळा असायला हवा. काट्यावरचा एक आकडा दाखवून रुग्णाला दारातून परत पाठवणे, हा आज अनेक ठिकाणी रूढ झालेला उपाय या पुराव्याशी जुळत नाही. आणि फेरशस्त्रक्रियेच्या बाबतीत तर तो बहुतेक वेळा शक्यही नसतो.

आधी मोजमाप पाहू. या विषयावरचे जवळपास सगळे संशोधन बीएमआयवर उभे आहे, म्हणजे किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १६० सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीचा बीएमआय २५ म्हणजे ६४ किलो, ३० म्हणजे सुमारे ७७, ३५ म्हणजे सुमारे ९० आणि ४० म्हणजे १०२ किलो. पाश्चात्त्य देशांत ३०च्या पुढे स्थूलता आणि ४०च्या पुढे अतिस्थूलता धरतात. भारतीयांसाठी २००९च्या तज्ज्ञमतानुसार २३पासून जादा वजन आणि २५पासून स्थूलता. या फरकामागे पुण्याचे संशोधन आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. बीएमआय हा आकडा चरबी आणि स्नायू यांत भेद करत नाही, चरबी पोटावर आहे की मांडीवर हेही सांगत नाही. खुब्याच्या शल्यचिकित्सकाला मात्र नेमके तेच महत्त्वाचे असते, कारण त्याची सुरी मांडीच्या बाजूने किंवा जांघेजवळून जाते. तेव्हा पुढचे आकडे वाचताना ते एका ढोबळ मापावर बेतलेले आहेत हे लक्षात ठेवावे. लाखो रुग्णांच्या गटाबद्दल ते बरेच काही सांगतात, समोर बसलेल्या एका माणसाबद्दल बरेच कमी.

आता झिजेचे गणित. बर्लिनच्या गेऑर्ग बर्गमान यांच्या चमूने संवेदक बसवलेले सांधे प्रत्यक्ष रुग्णांत घालून मोजमापे घेतली. साध्या चालण्यात खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, आणि ठेच लागून तोल गेला तर तो कित्येक पटींनी उसळतो. म्हणजे ६४ किलोच्या माणसाच्या खुब्यावर पावलागणिक साधारण दीडशे किलो, १०२ किलोच्या माणसाच्या खुब्यावर अडीचशे. इथपर्यंत लोकांचे गणित बरोबर आहे. पण झीज केवळ एका पावलाच्या भारावर ठरत नाही, ती पावलांच्या एकूण संख्येवरही ठरते. अमेरिकेतल्या थॉमस श्माल्झरीड यांनी सांधा बदललेल्यांच्या पावलांची मोजणी केली तेव्हा सरासरी दिवसाला पाच हजारांच्या आसपास निघाली. पण एका टोकाला चारशे आणि दुसऱ्या टोकाला सतरा हजारांच्या पुढे, म्हणजे चाळीस पटींहून जास्त तफावत. वजनात एवढी तफावत कधीच नसते. शिवाय जास्त वजनाची माणसे सरासरीने कमी चालतात, त्यामुळे पावलागणिक वाढलेला भार वर्षाच्या बेरजेत बराचसा वळता होतो. त्यात १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनने वाटीची झीज पूर्वीच्या तुलनेत फारच खाली आणली. झिजेच्या कणांमुळे हाड विरघळून सांधा सैल होणे, हे जुन्या पिढीतले फेरशस्त्रक्रियेचे मोठे कारण. ते मागे पडत गेले तसे जंतुसंसर्ग, सांधा निखळणे आणि सांध्याभोवतीचे हाड मोडणे ही कारणे पुढे आली. स्थूल रुग्णांत सांधा लवकर सैल होतो का, यावर अभ्यासांचे निष्कर्ष आजही परस्परविरोधी आहेत. जंतुसंसर्गाच्या बाबतीत मात्र असा गोंधळ नाही.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने सुमारे २७ वर्षांत केलेल्या एकवीस हजारांवर खुब्यांच्या नोंदी २०१६मध्ये मांडल्या. बीएमआय २५च्या पुढे एकेका अंकाने वाढला की खोल जंतुसंसर्गाचा धोका सुमारे ९ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात दिसले. १६० सेंटीमीटर उंचीच्या माणसात एक अंक म्हणजे जेमतेम अडीच किलो. चक्रवाढीने हिशेब केला तर बीएमआय २५च्या तुलनेत ३५ला धोका सुमारे २.४ पट आणि ४०ला साडेतीन पटींहून अधिक. कारणे समजण्यासारखी आहेत. चरबीच्या थराला रक्तपुरवठा कमी, म्हणून तिथे प्राणवायूही कमी पोहोचतो आणि प्रतिजैविकही. जखम खोल असल्याने तळाशी रक्त-पाणी साठते, टाक्यांतून दिवसेंदिवस पाझर राहतो. शस्त्रक्रिया लांबते, म्हणजे जखम उघडी राहण्याचा काळ वाढतो. जांघेच्या बाजूने छेद घेतला तर पोटाचा लोंबता थर नेमका त्याच घडीवर येतो आणि तिथे ओल राहते. यांतल्या काही गोष्टी रुग्णाच्या शरीराच्या आहेत, पण सगळ्या नाहीत. शस्त्रक्रियेआधी देण्याच्या सेफाझोलिन या प्रतिजैविकाचे उदाहरण घ्या. अमेरिकेच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढाला दोन ग्रॅम आणि वजन १२० किलो किंवा त्याहून जास्त असेल तर तीन ग्रॅम द्यायचे असते. सवयीने सगळ्यांना एकच डोस गेला, तर वजनदार रुग्ण मुळातच अपुऱ्या संरक्षणानिशी टेबलावर जातो. नंतर पू झाला की नोंदीत कारण म्हणून स्थूलता लिहिली जाते. वजनाच्या नावावर जमा होणाऱ्या धोक्यातला काही भाग असा उपचार करणाऱ्यांच्या हातातला असतो.

दुसरी वाट निखळण्याची. कृत्रिम गोळा वाटीतून बाहेर येतो तेव्हा बहुधा पाय दुमडून आत वळलेला असतो. जाड मांड्या एकमेकींवर किंवा पोटावर टेकल्या की त्यांचाच टेकू होऊन गोळा उचलला जातो. मेयोच्या त्याच नोंदींत सुरुवातीच्या महिन्यांतले निखळणे बीएमआयच्या प्रत्येक अंकामागे सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेले आढळले. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट समोर आली: स्थूल रुग्णांत वाटीचा कोन ठरलेल्या मर्यादेबाहेर जाण्याचे प्रमाण जास्त होते, आणि वर्षाला थोड्याच शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यचिकित्सकांच्या हातूनही ते जास्त होते. खोल जखमेत हाडाच्या खुणा दिसत नाहीत, हत्यार हव्या त्या कोनात नेता येत नाही. पण सरावलेला हात हा फरक बराच भरून काढतो, असा त्या अभ्यासाचा दुसरा अर्थ. फ्रान्समध्ये सेंत-एतिएन इथे जिल बुस्के यांनी १९७०च्या दशकात योजलेली दुहेरी हालचालीची वाटी आता पुन्हा वापरात आली आहे. तिच्यात लहान गोळा मोठ्या प्लॅस्टिक गोळ्यात आणि तो मोठा गोळा वाटीत फिरतो, म्हणून तो बाहेर यायला बरेच अंतर कापावे लागते. फेरशस्त्रक्रियेत आणि स्थूल रुग्णांत तिने निखळण्याचे प्रमाण कमी होताना दिसते. थोडक्यात, इथेही धोका वजनासोबत येतो, पण तो किती वाढू द्यायचा हे पुष्कळसे निवडीवर अवलंबून आहे.

फेरशस्त्रक्रियेत मात्र चित्र गंभीर होते, आणि ‘वजनाचे काय एवढे’ म्हणणाऱ्यांनी हा भाग नीट वाचायला हवा. पहिल्या खेपेला फारसा न जाणवणारा यांत्रिक धोका इथे परत येतो. मांडीच्या हाडाचा वरचा भाग खराब झालेला असल्याने लांब, दोन तुकड्यांत जोडायचा दांडा वापरावा लागतो. खालून तो घट्ट बसतो आणि वरून हाडाचा आधार नसतो. अशा वेळी सगळा ताण नेमका त्या जोडावर येतो. असे दांडे जोडापाशी मोडल्याच्या घटना तपासल्या तेव्हा वरच्या हाडाचा आधार नसणे आणि बीएमआय ३०च्या पुढे असणे या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सापडल्या. निखळण्याचा मूळ धोकाही फेरशस्त्रक्रियेत जास्तच असतो आणि वजन त्यात भर घालते. सर्वांत वाईट गाठ पडते ती जंतुसंसर्ग झालेल्या सांध्याशी. त्याचा रूढ उपचार दोन टप्प्यांत होतो: आधी सांधा काढून प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता गोळा ठेवायचा, काही आठवडे शिरेतून औषधे द्यायची आणि मग नवा सांधा बसवायचा. मेयो क्लिनिकमध्ये असे उपचार घेतलेल्या अतिस्थूल रुग्णांची तुलना २०१५मध्ये बीएमआय ३०च्या आतल्या रुग्णांशी केली गेली. पुन्हा जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण १८ टक्के विरुद्ध २ टक्के निघाले, आणि पुन्हा कुठली तरी शस्त्रक्रिया लागण्याचे ६१ टक्के विरुद्ध १२ टक्के. रुग्ण थोडे होते, म्हणून टक्केवारी तंतोतंत धरू नये, पण तफावतीची दिशा लपणारी नाही. खुब्याच्या कृत्रिम सांध्याला जंतुसंसर्ग झालेल्यांपैकी साधारण पाचातला एक रुग्ण पाच वर्षांत दगावतो, हे लक्षात घेतले की या आकड्यांचे गांभीर्य कळते.

पण धोक्याचा आलेख सरळ चढत जाणारी रेघ नाही. त्याचे दुसरे टोकही वर उचललेले आहे. फार कृश रुग्णांत हाड मोडणे, रक्त द्यावे लागणे आणि शस्त्रक्रियेनंतर मृत्यू होणे यांचे प्रमाण वाढते. इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीवरचा २०१८चा अभ्यास सांगतो की पहिल्या तीन महिन्यांतला मृत्यूदर स्थूल गटांत उलट कमी होता, आणि दहा वर्षांतली फेरशस्त्रक्रिया अतिस्थूल गटात सर्वाधिक असली तरी शंभरात दहाच्या आतच होती. मृत्यूदरातल्या फरकामागे निवडीचा हात असू शकतो, कारण जास्त वजनाच्या रुग्णांपैकी धडधाकट वाटणाऱ्यांनाच टेबलावर घेतले जाते. तरीही वजनापेक्षा पोषण हा जास्त विश्वासार्ह इशारा आहे, याला स्वतंत्र आधार मिळतो. अमेरिकेतल्या मोठ्या शस्त्रक्रिया-नोंदींत रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन डेसिलिटरमागे ३.५ ग्रॅमच्या खाली असणे हे गुंतागुंतीचे भाकीत स्थूलतेपेक्षा चांगले करते, असे दिसून आले. जाड माणूसही कुपोषित असू शकतो: भात-चपाती भरपूर आणि प्रथिने बेताची, अशा ताटावर वाढलेले वजन जखम भरून आणायला उपयोगी पडत नाही. महाराष्ट्रात याचे दुसरे टोकही आहे. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकल सेल आजारामुळे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तरुण वयातच सांधा बदलण्याची वेळ येते. हे रुग्ण बहुधा सडपातळ असतात. बीएमआयची चाळणी ते सहज पार करतात, पण जंतुसंसर्गाचा धोका त्यांच्याही वाट्याला मोठाच असतो.

या पुराव्याचे धोरणात काय झाले? अमेरिकेतल्या खुबा-गुडघा शल्यचिकित्सकांच्या संघटनेच्या गटाने २०१३मध्ये बीएमआय ४०च्या पुढे असलेल्यांची शस्त्रक्रिया लांबवण्याचा विचार करावा, असे सुचवले. त्यानंतर ४० हा आकडा पुष्कळ रुग्णालयांत जवळपास कुंपण बनला. इंग्लंडमध्ये स्थानिक आरोग्य गटांनी त्याहून पुढची मजल मारली. २०१६मध्ये व्हेल ऑफ यॉर्क गटाने बीएमआय ३०च्या पुढच्या रुग्णांच्या नियोजित शस्त्रक्रिया वर्षापर्यंत पुढे ढकलण्याचा बेत आखला, आणि शल्यचिकित्सकांच्या रॉयल कॉलेजने त्यावर जाहीर टीका केली. पुढे वारे फिरले. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२च्या मार्गदर्शनात, केवळ वजनामुळे संधिवाताच्या रुग्णाला सांधेरोपणासाठी पाठवणे टाळू नये, असे स्पष्ट म्हटले. अमेरिकेतही २०२३मध्ये संधिवाततज्ज्ञांनी आणि सांधेरोपण करणाऱ्यांनी मिळून तीच भूमिका घेतली: ठरावीक बीएमआय गाठेपर्यंत थांबवू नये, मात्र मधुमेह आटोक्यात नसेल किंवा तंबाखू चालू असेल तर ते सुधारण्यासाठी थांबावे. ज्या संघटनेने दहा वर्षांपूर्वी ४०चा आकडा चर्चेत आणला, तीच या दुसऱ्या निवेदनातली भागीदार होती, हे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे.

यावर अनेक शल्यचिकित्सक घेतात तो आक्षेप रास्त आहे. धोका दुप्पट-तिप्पट होतो हे माहीत असताना सुरी चालवायची आणि पू झाल्यावर रुग्णाला दोन-चार शस्त्रक्रियांच्या फेऱ्यात ढकलायचे, याला सेवा म्हणायचे का? उत्तर देताना पट आणि प्रत्यक्ष प्रमाण यांची गल्लत होऊ देता कामा नये. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर खोल जंतुसंसर्ग शंभरात एकाला होतो असे धरले, तर साडेतीन पट म्हणजे शंभरात साडेतीन जण. उरलेल्या शहाण्णवांचे काय? अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या खुबा आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियांवर निकोलस जिओरी यांनी २०१८मध्ये हाच हिशेब मांडला. ४०चे कुंपण काटेकोर पाळले तर एक मोठी गुंतागुंत टाळण्यासाठी अशा चौदा जणांना नकार द्यावा लागतो, ज्यांची शस्त्रक्रिया विनासायास पार पडली असती. हे चौदा जण वेदनेत राहतात, चालणे सोडतात, त्यांचे वजन आणि साखर आणखी वाढते. शिवाय अमेरिकेतल्याच मोठ्या पाहणीत अतिस्थूल रुग्णांना खुबा बदलल्यावर मिळालेला वेदनेतला आराम सडपातळ रुग्णांच्या तोडीचा होता. ते सुरुवात वाईट स्थितीतून करतात, म्हणून शेवटी थोडे मागे दिसतात इतकेच. धोका सांगितलाच पाहिजे, आकड्यांनिशी आणि रुग्णाला कळेल अशा भाषेत. पण तो पत्करायचा की नाही, हे ठरवण्याचा हक्क प्रामुख्याने त्याच्याकडे राहिला पाहिजे.

दुसरा आक्षेप नेहमीचा: मग वजन कमी करून या की. सल्ला चुकीचा नाही, पण ज्याच्या खुब्यात पावलागणिक कळ येते त्याने चालून वजन उतरवावे, ही अपेक्षा ठेवताना थोडा विचार हवा. शस्त्रक्रियेच्या तोंडावर घाईने उतरवलेल्या वजनात स्नायूही जातो आणि प्रथिनांची तूट पडते, म्हणजे एक आकडा सुधारताना दुसरा बिघडतो. चरबी घटवणारी शस्त्रक्रिया आधी करून घ्यावी का, यावर खुब्याच्या बाबतीत निष्कर्ष संमिश्र आहेत. गुडघ्याच्या बाबतीत मेलबर्नमध्ये ८२ रुग्णांवर झालेली चाचणी जास्त आशादायक होती. जठरावर पट्टा बसवून वजन उतरवलेल्या गटात गुंतागुंत सुमारे १५ टक्के आणि दुसऱ्या गटात ३७ टक्के. पट्टा बसवलेल्यांपैकी जवळपास तीस टक्क्यांनी तर बरे वाटल्याने गुडघा बदलायलाच नकार दिला. वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडसारख्या औषधांनी आता नवा रस्ता उघडला आहे. गुडघ्याच्या संधिवातावरच्या २०२४च्या चाचणीत सरासरी १३.७ टक्के वजन उतरले आणि वेदनाही स्पष्टपणे कमी झाली. ही औषधे महाग आहेत, स्नायू राखण्याची काळजी घ्यावी लागते, आणि जठर सावकाश रिकामे होत असल्याने भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्यांची कल्पना द्यावी लागते. तरीही ‘वजन उतरवा’ या उपदेशाच्या जागी आज खरीखुरी मदत देता येते. अट आणि मदत यांत फरक आहे, आणि पुरावा मदतीच्या बाजूचा आहे.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा आहे: हे सगळे आकडे गोऱ्यांचे, आपल्याला कसे लागू पडणार? ही शंका खरी आहे, आणि तिच्यातून जो निष्कर्ष निघतो तो आपल्याला सोयीचा नाही. पश्चिमेत खुबा बदलण्याचे मुख्य कारण उतारवयातला संधिवात. आपल्याकडे गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो कोसळणे, म्हणजे एव्हीएन, हे फार मोठे कारण आहे, आणि त्याचे रुग्ण तिशी-चाळिशीतले असतात. मद्य, स्टेरॉइड आणि अपघात यांतून तो येतो. कोविडमधल्या स्टेरॉइडनंतर आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१मध्येच केली. सत्तरीनंतर खुबा बदलला तर आयुष्यात पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता ब्रिटिश आकड्यांनुसार सुमारे ५ टक्के असते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर बदलला तर ती कैक पटींनी जास्त. चाळिशीत बदललेल्याला फेरशस्त्रक्रिया बहुधा गृहीतच धरावी लागते. आणि पुढची तीस-चाळीस वर्षे तो अशा देशात जगणार आहे, जिथे आयसीएमआरच्या २०२३च्या पाहणीनुसार दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे ४० टक्के प्रौढांच्या पोटाचा घेर मर्यादेबाहेर आहे. आपल्याकडे खुबा-गुडघा शल्यचिकित्सकांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक आहे. स्वीडनने १९७९पासून जपलेल्या नोंदींसारखी देशव्यापी साखळी आपल्याकडे नाही. तिच्याअभावी बिघडलेल्या सांध्याचे खापर रुग्णाच्या वजनावर फोडणे सोपे जाते. धातूवर धातू घासणारे एएसआर सांधे २०१०मध्ये जगभरातून मागे घेतले गेले तेव्हा दोष रचनेचा होता, आणि तो उघड झाला परदेशातल्या नोंदवह्यांमुळे. त्या प्रकरणाचा पाठपुरावा करायला महाराष्ट्राचे अन्न व औषध प्रशासन पुढे आले. पण आपल्या नोंदी आपल्याकडे असत्या तर किती रुग्णांना आधीच शोधता आले असते, याचा विचार व्हायला हवा.

आता मूळ प्रश्नाकडे. पहिली शस्त्रक्रिया बहुतेक वेळा थांबू शकते. काही महिने गोळ्यांवर आणि काठीवर काढता येतात. फेरशस्त्रक्रियेला एवढी सवड नसते. पू झालेला सांधा, मोडलेला दांडा किंवा वारंवार निखळणारा गोळा, वीस किलो वजन उतरेपर्यंत वाट पाहत नाही. उलट थांबलेल्या प्रत्येक महिन्यात हाड आणखी जाते. म्हणजे वजनाचा धोका जिथे सर्वांत मोठा आहे, नेमकी तिथेच नकाराची सोय सर्वांत कमी आहे. म्हणून वजनाचा विचार फेरशस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात सुरू करून भागणार नाही. तो पहिला खुबा बदलण्याआधी सुरू व्हायला हवा आणि दोन शस्त्रक्रियांमधल्या सगळ्या वर्षांत चालू राहायला हवा. सांधा बसवल्यावर वेदना जाते, पण वजन आपोआप उतरत नाही. टाके काढल्यावर रुग्ण सुटतो आणि दहा वर्षांनी सांधा सैल झाल्यावरच पुन्हा दिसतो. वर्षातून एकदा एक्स-रे, वजन, पोटाचा घेर, साखर आणि प्रथिने एवढे तपासायचे ठरवले तरी पुष्कळ काही वेळीच हाती लागेल, आणि याला फार खर्चही येत नाही.

आणि फेरशस्त्रक्रिया करायचीच ठरली, तर करण्यासारखे बरेच आहे. साखरेची एचबीए१सी चाचणी आणि अल्ब्युमिन पाहून जमेल तितके सुधारावे, तंबाखू बंद करावी. प्रतिजैविक वजनाच्या हिशेबाने द्यावे, आणि शस्त्रक्रिया लांबली तर ठरल्या वेळी पुन्हा द्यावे. निखळण्याची शक्यता दिसली तर तशी वाटी निवडावी. दांडा निवडताना वरच्या हाडाचा आधार आणि रुग्णाचे वजन दोन्ही मोजावे. जखम पाझरत राहिली तर ‘बघू आठवडाभर’ म्हणत बसू नये. या शस्त्रक्रिया वारंवार करणाऱ्या केंद्रांकडे रुग्ण पाठवण्यात कमीपणा मानू नये, कारण सराव हाच इथला सर्वांत स्वस्त उपाय आहे. रुग्णाने आणि घरच्यांनीही डॉक्टरांना विचारावे की आमचा धोका शंभरात किती, तो कशामुळे, आणि त्यातला कमी करता येण्यासारखा किती. ज्या डॉक्टरांकडे या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत, त्यांनी वजनाबद्दल दिलेला सल्ला ऐकावा आणि पाळावाही. केवळ आकडा पाहून नकार मिळाला असेल, तर दुसरे मत घ्यायला हरकत नाही. २०२२ आणि २०२३ची मार्गदर्शक तत्त्वे रुग्णाच्या बाजूने आहेत.